कारखाना तोच, धोका तोच. मग बातमीनंतर भीती का वाढते?

प्रश्न थोडक्यात असा: घरापासून तीन किलोमीटरवर घातक रसायनं हाताळणारा कारखाना आहे. इतकी वर्षं त्याच्याबद्दल घरात कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. अलीकडे दुसऱ्याच ठिकाणच्या एका स्फोटाच्या बातम्या आठवडाभर टीव्हीवर चालल्या आणि तेव्हापासून घरच्यांची झोप उडाली आहे. आपल्या इथल्या कारखान्यात तर काहीच बदललेलं नाही. मग ही भीती बातम्यांनी निर्माण केलेली आहे का? आणि बातम्या बघणं बंद करावं का?

मी अशाच कारखान्यांच्या सुरक्षेचं काम करतो. कामाचा अर्धा भाग टाक्या, वाल्व्ह, स्क्रबर (घातक वायू धुऊन काढणारी यंत्रणा) आणि सायरनचा असतो. उरलेला अर्धा कुंपणाबाहेरच्या लोकांशी आणि बातमीदारांशी बोलण्याचा. त्या अनुभवावरून सांगतो. तुमची भीती बातम्यांनी वाढवली हे खरं आहे. पण तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, कारण त्याआधीची तुमची निर्धास्तीही बातम्यांनीच दिलेली होती. कारखान्याबद्दल काही छापून येत नव्हतं, म्हणून सगळं ठीक असणार असं तुम्ही धरून चालला होतात. तेव्हाही तुम्हाला त्या टाक्यांत काय आहे ते ठाऊक नव्हतं आणि आजही नाही.

याचं मला सगळ्यात स्पष्ट वाटणारं उदाहरण २०२० सालचं आहे. ४ ऑगस्टला बैरूतच्या बंदरात २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, दोनशेहून जास्त माणसं गेली. तो पांढरा घुमट क्षणात फुगून शहरावर पसरतानाची दृश्यं जगभर दिसली. दोन-तीन दिवसांत बातमी आली की चेन्नईजवळच्या एका गोदामातही याच पदार्थाचा सुमारे ७०० टनांचा साठा पडून आहे. सीमाशुल्क विभागाने तो २०१५ साली जप्त केला होता. म्हणजे पाच वर्षं तो तिथेच होता, जवळपास वस्ती होती, आणि कुणालाही त्याची भीती वाटत नव्हती. बैरूतनंतर लोक हादरले, प्रश्न विचारले गेले आणि पाहता पाहता कंटेनर भरून साठा हैदराबादला हलवायला सुरुवात झाली. रसायनात तसूभरही बदल झाला नव्हता. बदललं ते एवढंच, की ते काय करू शकतं हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. ही भीती अनाठायी होती असं मी अजिबात म्हणणार नाही. तिने पाच वर्षं रखडलेलं काम करून घेतलं.

आता हे असं का होतं, ते पाहू. बातमी ही घटनेची होते, स्थितीची होत नाही. टाकीची भिंत आतून गंजत गेली आहे, सुरक्षा वाल्व्हची तपासणी पुढे ढकलली आहे, रात्रपाळीला दोनऐवजी एकच ऑपरेटर ठेवला आहे, या सगळ्या स्थिती आहेत. त्यांना तारीख नसते, दृश्य नसतं, जखमी नसतात. त्यामुळे डेस्कवर त्यांना जागा मिळत नाही. १९८०च्या दशकात मायकेल ग्रीनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन टीव्हीच्या रात्रीच्या बातम्या तपासल्या. पर्यावरणीय धोक्यांना किती वेळ मिळतो, हे धोक्याच्या आकारावर ठरत नव्हतं. घटना ताजी आहे का, जवळची आहे का, तिला माणसांची गोष्ट आणि चित्रं आहेत का, यावर ते ठरत होतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही, त्या धंद्याची घडणच तशी आहे. पण बघणाऱ्याच्या मनात नकळत एक हिशेब तयार होतो: ज्याची बातमी वारंवार येते ते वारंवार घडतं, आणि ज्याची येत नाही ते घडत नाही.

त्यात रासायनिक आणि किरणोत्सारी धोक्यांचा स्वभावच भीतीला पोषक असतो. पॉल स्लोव्हिक यांनी लोकांच्या धोक्याविषयीच्या समजुतींवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या मांडणीत दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात: धोका किती भयंकर आणि हाताबाहेरचा वाटतो, आणि तो किती अनोळखी, न दिसणारा आहे. रस्त्यावरच्या अपघातात वर्षभरात कितीतरी जास्त माणसं जातात, पण गाडी आपण चालवतो आणि समोरचा ट्रक आपल्याला दिसतो. वायू दिसत नाही, आपण त्याला परवानगी दिलेली नसते आणि त्याचा त्रास पोटातल्या मुलापर्यंत जाईल का, हे कुणी छातीठोक सांगत नाही. अशा धोक्याची एक लहान बातमीसुद्धा लोक इशारा म्हणून वाचतात: आज हे झालं, म्हणजे आत आणखी काय काय सडलेलं असेल? मला हा प्रश्न अगदी रास्त वाटतो. कारखान्यातले लोक त्याला 'अडाणी भीती' म्हणून उडवून लावतात, तिथेच त्यांचं चुकतं.

आणखी एक गोष्ट बातमीदारांना ऐकायला आवडत नाही. अ‍ॅलन मेझर या समाजशास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की एखाद्या वादग्रस्त तंत्रज्ञानाबद्दल बातम्यांचं प्रमाण वाढलं की विरोध वाढतो, मग त्या बातम्या समतोल असल्या तरी. मला हे जमिनीवर पटलेलं आहे. एका बाजूला कार्यकर्ता, दुसऱ्या बाजूला कंपनीचा अधिकारी, दोघांना सारखा वेळ, अशी चर्चा रात्री झाली की सकाळी लोकांच्या लक्षात कुणाचे मुद्दे राहत नाहीत. लक्षात एवढंच राहतं की आपल्या कारखान्यावरून वाद चालू आहे. ज्यावर वाद आहे त्यात काहीतरी असणार, असं सामान्य माणूस धरतो.

आता चित्रांबद्दल थोडं सविस्तर, कारण माझ्या मते भीतीची दिशा चुकते ती मुख्यतः इथे.

११ डिसेंबर २००५च्या पहाटे इंग्लंडमध्ये बन्सफील्डचा इंधनसाठा पेटला. काळ्या धुराचा ढग इतका मोठा होता की उपग्रहातून दिसला. तो पाहून वाटावं की अर्धा देश गुदमरेल. प्रत्यक्षात ४३ जण जखमी झाले, एकही मृत्यू झाला नाही, आणि आगीच्या उष्णतेने धूर उंच गेल्यामुळे जमिनीजवळच्या हवेत प्रदूषकांचं प्रमाण कमीच राहिलं. उलट भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या रात्री जो मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू शहरावर पसरला, त्याचं कॅमेऱ्यात येईल असं काहीच नव्हतं. जी चित्रं आपल्या मनात आहेत ती सगळी नंतरची, परिणामांची. म्हणजे कॅमेरा ज्याला सगळ्यात मोठं दाखवतो ते बहुधा सगळ्यात घातक नसतं, आणि सगळ्यात घातक ते त्याला दिसतच नाही.

रात्री रिफायनरीच्या फ्लेअरमधून ज्वाळा उंच जाताना कुणीतरी मोबाइलवर टिपतं आणि 'आगीचे लोळ' म्हणून ते फिरतं. फ्लेअर म्हणजे जास्तीचा वायू सुरक्षितपणे जाळून टाकण्याची व्यवस्था. ती पेटलेली दिसते म्हणजे आत काहीतरी गडबड झाली असण्याची शक्यता असते, पण ती गडबड ठरल्याप्रमाणे हाताळली जात असते. कूलिंग टॉवरमधून निघणारी पांढरी वाफ प्रदूषणाच्या बातमीला जोडून दाखवतात, तेही असंच. या दोन चित्रांनी लोकांना चुकीच्या गोष्टीकडे बघायला शिकवलंय, असं मी ठामपणे म्हणेन.

एखाद्या शीतगृहातून रात्री अमोनियाची गळती झाली की पडद्यावर काय दिसतं ते आठवा. खाली पट्टी धावते: 'विषारी वायूची गळती, शेकडो जणांना त्रास'. वर दहा-बारा सेकंदांचा एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरतो: नाकावर रुमाल धरून पळणारी बाई, स्कूटरवर मुलाला घेऊन निघालेला बाप, मागे पांढरं धुकं. पाचव्यांदा तेच दृश्य आलं की मेंदू ते पाच घटना म्हणून साठवतो. आता त्या पट्टीतला 'त्रास' पाहा. अमोनियाचा वास हवेत दहा लाख भागांत अगदी थोडे भाग असतानाही येतो. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी मानली जाणारी मर्यादा २५ भागांची आहे, आणि तात्काळ जिवाला धोका समजतात ती पातळी ३०० भागांची. म्हणजे डोळे चुरचुरले, नाक झोंबलं, घाबरून उलटी झाली, हे सगळं जीवघेण्या पातळीच्या बरंच आधी होतं. शेकडो जणांना वास आला, शेकडो जणांना तपासून घरी पाठवलं, शेकडो जणांना दाखल करून घेतलं, या तीन पूर्णपणे वेगळ्या बातम्या आहेत. पट्टीत तिन्ही एकाच शब्दात मावतात.

याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो हे सगळे सांगतात. पण त्याचं प्रमाण १०० भागांच्या आसपास गेलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका टळला असं समजून माणसं पुढे जातात आणि कोसळतात. 'परिसरात दुर्गंधी, नागरिक हैराण' अशी बातमी दहा वेळा येते. ही एक ओळ मात्र त्यात सापडत नाही. भीती दिली, पण जीव वाचवणारी माहिती दिली नाही, अशी स्थिती होते.

आकड्यांचंही तेच. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ला अपघात झाला. ३० मार्चला सकाळी हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या एका मोजणीत ताशी १,२०० मिलिरेम (किरणोत्साराची मात्रा मोजण्याचं एकक) असा आकडा आला. तो मोजला होता केंद्राच्या धुराड्याच्या थेट वर. पण वॉशिंग्टनपर्यंत तो गेला तेव्हा 'कुठे मोजला' हा भाग वाटेतच गळून पडला आणि केंद्राबाहेर, लोक राहतात तिथे एवढा किरणोत्सार आहे असा समज झाला. त्यावरून स्थलांतराचा सल्ला दिला गेला, गोंधळ उडाला. त्याच दिवशी गव्हर्नर डिक थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतल्या गरोदर स्त्रिया आणि शाळेत न जाणारी लहान मुलं यांनी बाहेर पडावं असं जाहीर केलं. हा सल्ला काही हजार लोकांना लागू होता. निघून गेले सुमारे १ लाख ४४ हजार.

मग शनिवारी संध्याकाळी बातमी आली की अणुभट्टीत साठलेल्या हायड्रोजनच्या बुडबुड्याचा स्फोट होऊ शकतो. ती रात्र त्या भागातल्या लोकांनी कशी काढली असेल याची कल्पना करा. आत स्फोट व्हायला लागणारा ऑक्सिजनच नव्हता, हे नंतर स्पष्ट झालं. पण ही बातमी बातमीदाराने रचलेली नव्हती. खुद्द अणुनियामक आयोगातल्या लोकांनाच तशी भीती वाटत होती आणि त्यांच्याकडूनच ती बाहेर आली. अपघाताची चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाने वार्तांकनाकडेही बारकाईने पाहिलं. गोंधळाचं मोठं कारण बातमी देणाऱ्या स्रोतांचाच गोंधळ होता, आणि अनेक बातमीदारांना ऐकलेलं समजून घेण्याइतकी तांत्रिक पार्श्वभूमी नव्हती, असं त्यात निघालं. आसपासच्या सुमारे २० लाख लोकांना सरासरी १ मिलिरेमच्या आसपास मात्रा मिळाली होती, छातीच्या एका एक्स-रेपेक्षाही कमी. आयोगाच्या मते आरोग्यावरचा सगळ्यात मोठा परिणाम मानसिक ताणाचा होता. म्हणून 'मीडियाने घाबरवलं' असं कुणी सरसकट म्हणालं की मी विचारतो, मीडियाला कुणी सांगितलं होतं, आणि काय सांगितलं होतं?

कारण माझ्या अनुभवात भीती सर्वात जास्त वाढवते ती कारखान्याची प्रेसनोट. तिच्यात साधारण तीन वाक्यं असतात: किरकोळ घटना घडली, परिस्थिती नियंत्रणात आहे, घाबरण्याचं कारण नाही. कोणतं रसायन, किती, वारा कुठे, कुणी मोजलं, काही नाही. ज्याच्या अंगणात वास येतोय त्याला हे वाचून एकच गोष्ट कळते, की आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय. पुढचे सहा तास माहितीची पोकळी राहते आणि ती व्हॉट्सअ‍ॅप भरून काढतं. चीनमधल्या त्यानजिनला ऑगस्ट २०१५ मध्ये रसायनांच्या गोदामात स्फोट झाले, १७३ जण गेले. अधिकाऱ्यांनी संकेतस्थळं बंद केली, चर्चा दाबली. काही दिवसांनी पाऊस पडला आणि रस्त्यावर पांढरा फेस आला, नदीत मेलेले मासे दिसले. मासे पाण्यातला ऑक्सिजन कमी झाल्याने मेले असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. तोवर सांगणाऱ्यावरचा विश्वासच संपला होता, त्यामुळे ते खरं की खोटं, याला लोकांच्या लेखी अर्थ उरला नव्हता.

धोक्याबद्दल लोकांशी कसं बोलावं याचे अभ्यासक पीटर सँडमन यांनी या सगळ्याचं सूत्र बांधलं आहे: लोकांना जाणवणारा धोका म्हणजे प्रत्यक्ष धोका अधिक संताप. संतापाचं मूळ 'आम्हाला विचारलं नाही, सांगितलं नाही, खोटं सांगितलं' यात असतं. बातमी त्या संतापाला वाचा देते, तो तयार करत नाही. तो बहुतेक वेळा आधीच गावात साठलेला असतो.

भोपाळच्याच कचऱ्याची गोष्ट घ्या. युनियन कार्बाइडच्या आवारात राहिलेला ३३७ टन घातक कचरा जानेवारी २०२५च्या सुरुवातीला १२ कंटेनरमधून इंदूरजवळच्या पीथमपूरला जाळण्यासाठी नेण्यात आला. पोलिसांचा ताफा, रुग्णवाहिका, अग्निशमन गाड्या, डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या पोशाखातले कामगार, मोकळा करून दिलेला रस्ता, आणि हे सगळं थेट प्रक्षेपणात. ही प्रत्येक गोष्ट योग्यच होती, मीही तीच करायला सांगितली असती. पण ज्यांच्या गावात तो ताफा येत होता त्यांनी खबरदारी पाहिली नाही. एवढा बंदोबस्त लागतो तर आत किती भयंकर असेल, असंच त्यांना वाटलं. त्यांना विश्वासात कुणी घेतलं होतं? ३ जानेवारीला आंदोलनात दोघांनी स्वतःला पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. उच्च न्यायालयाच्या देखरेखीत आधी चाचण्या झाल्या आणि जूनच्या अखेरीस सगळा कचरा जाळून झाला. हाच कचरा नेण्याला त्याआधी गुजरातेत, महाराष्ट्रात आणि जर्मनीतही विरोध झाला होता. दरम्यान मूळ जागेवरची दूषित माती, जिचा अंदाज लाखो टनांत आहे, आणि तिथलं भूजल, यांना त्या आठवड्यात किती मिनिटं मिळाली? माती ट्रकमधून कुठे जात नाही. ती जागच्या जागी झिरपत राहते, म्हणून तिची बातमी होत नाही. माझ्या दृष्टीने तो धोका त्या बारा कंटेनरपेक्षा मोठा आहे.

भीतीची किंमत खरी असते, हेही मान्य करायला हवं. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात टाकून दिलेल्या उपचारयंत्रातलं किरणोत्सारी सीझियम लोकांच्या हाती लागलं. चार माणसं गेली, २४९ जण दूषित आढळले. पण तपासणीसाठी रांगा लावल्या १ लाख १२ हजारांहून अधिक लोकांनी, आणि त्या राज्याचा माल बाहेर कुणी घेईना, ज्या मालाचा सीझियमशी काडीचा संबंध नव्हता तोसुद्धा. २०११ मध्ये जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्राच्या अपघातानंतर घाईघाईने हलवलेले रुग्णालयांतले वृद्ध वाटेत आणि शिबिरांत दगावले. त्या प्रांतात स्थलांतर आणि त्यानंतरच्या हालांशी जोडलेले मृत्यू दोन हजारांवर गेले. जागा सोडणं नेहमीच सुरक्षित असतं, हा समज बातम्यांमधून पक्का झालेला आहे आणि तो माणसं मारतो.

पण मला जास्त छळते ती दुसरी बाजू, वेळेवर न निर्माण झालेली भीती. राजकुमार केसवानी हे भोपाळमधले पत्रकार. डिसेंबर १९८१ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन या विषारी वायूमुळे एक कामगार दगावला, तेव्हापासून ते त्याच्या मागे लागले होते. १९८२ मध्ये 'रपट' या आपल्या छोट्या साप्ताहिकात त्यांनी स्पष्ट लिहिलं की हा कारखाना शहराच्या मुळावर येणार आहे. विधानसभेत प्रश्न निघाला, तर मंत्र्यांनी धोका नसल्याची ग्वाही दिली. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'त त्यांनी पुन्हा लिहिलं. शहर हललं नाही. का हलावं? घटना मोठी नव्हती, चित्र नव्हतं, दुसरं कुठलं वर्तमानपत्र तेच लिहीत नव्हतं, आणि सरकार उलट सांगत होतं. बातमी बिनचूक होती, पण भीती निर्माण करायला लागणारी एकही गोष्ट तिच्याजवळ नव्हती.

सहा महिन्यांनी ती रात्र आली. बाहेरच्यांसाठीचा सायरन थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. ओलं फडकं तोंडावर धरा, वाऱ्याच्या दिशेने पळू नका, एवढंही कधी कुणी वस्तीला सांगितलेलं नव्हतं. मग १६ डिसेंबरला टाकीत उरलेला मिथाइल आयसोसायनेट वापरून संपवायचं ठरलं. सरकारने आधी जाहीर केलं, कुंपणाला ओलं गोणपाट लावलं, हेलिकॉप्टरने पाणी शिंपडलं, मुख्यमंत्री अर्जुनसिंह स्वतः कारखान्यात जाऊन बसले. तरी लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून गेले. दोन वर्षं खऱ्या इशाऱ्यावर कुणी जागं झालं नव्हतं, आणि आता आश्वासनावर कुणी थांबायला तयार नव्हतं.

असंच २०१३ मध्ये टेक्सासमधल्या वेस्ट या गावी झालं. खताच्या गोदामात अमोनियम नायट्रेट होतं आणि शाळा, घरं, वृद्धांचं शुश्रूषागृह त्याच्या आसपास वाढत गेलं होतं. १७ एप्रिलला स्फोट झाला, १५ जण गेले, त्यातले बहुतेक आग विझवायला धावलेले. दोनच दिवस आधी बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट होऊन तीन जण मृत्युमुखी पडले होते, आणि त्या आठवड्यात जगाचं लक्ष तिकडे होतं. मी तुलना दुःखाची करत नाही, लक्षाची करतोय. कुणीतरी मुद्दाम केलेल्या कृत्यापुढे निष्काळजीपणाची बातमी नेहमी मागे पडते.

एका गावातली सभा सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्ध उत्तर तिथे आहे. जवळच्या कारखान्यात छोटी गळती झाली होती, पेपरांत मोठा मथळा आला होता, लोक चिडलेले. कारखान्याच्या अधिकाऱ्याने पडद्यावर मानांकनाची प्रमाणपत्रं दाखवायला घेतली. मागून एक बाई उठली आणि म्हणाली, "साहेब, ते राहू द्या. भोंगा वाजला तर पोरांना शाळेतून घेऊन यायचं का तिथेच ठेवायचं, तेवढं सांगा." अधिकाऱ्याकडे उत्तर नव्हतं. सभेला आलेल्या बातमीदारानेही दुसऱ्या दिवशी 'ग्रामस्थ संतप्त' असं छापलं, तो प्रश्न छापला नाही. त्याचं उत्तर असं आहे: विषारी वायू असेल तर मुलांना शाळेतच, दारं-खिडक्या लावून, पंखे बंद करून ठेवायचं. आणायला निघालेले आईबापच रस्त्यात वायूत सापडतात, आणि मुलंही. हे उत्तर आधी दिलेलं असेल तर पुढचा मथळा कितीही मोठा येवो, ती बाई घाबरली तरी गोंधळणार नाही.

म्हणून बातम्या बंद करू नका. त्या वाचताना काय शोधायचं ते बदला. रसायनाचं नाव आहे का, प्रमाण आहे का, मोजमाप कुठे आणि किती वाजता घेतलं, कुणी घेतलं, वारा कुठल्या दिशेने होता, दाखल किती आणि तपासून घरी किती. यातलं काहीच नसेल तर त्या बातमीवरून ना घाबरायचं, ना निश्चिंत व्हायचं. तिने तुम्हाला फक्त प्रश्न विचारायची वेळ झाल्याचं सांगितलंय. आणि एकच व्हिडिओ दुसऱ्यांदा दिसला की टीव्ही बंद केला तरी चालेल, पुढच्या तासाभरात त्यातून नवीन काही कळत नाही. मुलं समोर असतील तर नक्कीच बंद करा.

मग कारखान्याकडे वळा. भोपाळनंतर आपल्याकडे कायदे बदलले. १९८७च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देण्याची जबाबदारी घातली. १९८९च्या घातक रसायनविषयक नियमांनुसार मोठ्या धोक्याच्या कारखान्यांसाठी कुंपणाबाहेरचा आपत्कालीन आराखडाही असावा लागतो. तो जिल्हा प्रशासनाकडे मागा. स्थानिक पेपरच्या बातमीदाराला सोबत घ्या. अपघात नसताना त्याला अशी बातमी हवीच असते, फक्त कुणी आणून देत नाही. मागचं मॉक ड्रिल, म्हणजे अपघाताचा सराव, कधी झालं, सायरन तुमच्या घरापर्यंत ऐकू येतो का, शाळा आणि दवाखाना त्यात सामील होते का, हे विचारा.

तुमच्या तीन किलोमीटरचा अर्थही त्यातूनच कळेल. कारखान्यात मुख्यतः इंधनाच्या टाक्या असतील, तर आगीची थेट झळ साधारणपणे काही शे मीटरपर्यंतच राहते; तुमच्या घरासाठी प्रश्न धुराचा आणि वाहतुकीचा उरतो. क्लोरीनसारखा हवेपेक्षा जड विषारी वायू मोठ्या प्रमाणात साठवलेला असेल, तर वाईटातल्या वाईट स्थितीत तो वाऱ्याबरोबर काही किलोमीटर जाऊ शकतो आणि तुम्ही त्या कक्षेत असू शकता. मग घरात ठरवून ठेवा: आत थांबायचं, खिडक्या-पंखे-एसी बंद, दाराच्या फटीत ओलं कापड, वरचा मजला असेल तर वर. बाहेर पडायचीच वेळ आली तर वाऱ्याला आडवं निघायचं, त्याच्या सोबत नाही. वारा कुठून येतोय हे कारखान्यावरच्या विंडसॉकवरून (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी), नाहीतर गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून कळतं. घरातल्या प्रत्येकाला हे एकदा करून दाखवा, आजीलासुद्धा.